वाचकांचे प्रश्न : संगणकशास्त्राच्या दोन पदव्या साडेचार वर्षांत

प्रश्न : आमचे महाविद्यालय मुंबईच्या पूर्व उपनगरात असून काही वर्षांपूर्वी ते स्वायत्त झाले. आमच्याकडे संगणकशास्त्राची बी.एस्सी. आणि एम.एस्सी. असे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. चांगल्या विद्यार्थ्यांना या दोन्ही पदव्या सलग आणि नेहमीपेक्षा लवकर पूर्ण करता याव्यात, अशी जोडपदवी सुरू करण्याचा विचार विभागात चालू आहे. काही सहकाऱ्यांना अमेरिकेतील विद्यापीठांचा नमुना जसाच्या तसा घ्यावासा वाटतो, तर काहींना हा सगळा प्रकार निव्वळ घाईचा वाटतो. आराखड्याची सुरुवात कुठून करावी?
— विभागप्रमुख, मुलुंड

उत्तर : वर्षांच्या हिशेबापासून सुरुवात करू नये, असे माझे ठाम मत आहे. आधी दोन्ही अभ्यासक्रम शेजारीशेजारी ठेवावेत आणि पाहावे, की आपल्याकडेच बी.एस्सी. होऊन आपल्याकडेच एम.एस्सी.ला येणारा विद्यार्थी कोणत्या गोष्टी दुसऱ्यांदा शिकतो. मी नोकरीत असताना एका मे महिन्यात आम्ही चौघांनी स्टाफरूममधल्या लांब टेबलावर बसून हे काम केले होते. एका बाजूला तृतीय वर्षाचा ‘ऑपरेटिंग सिस्टीम’चा पेपर होता, दुसऱ्या बाजूला एम.एस्सी. भाग एकचा ‘ॲडव्हान्स्ड ऑपरेटिंग सिस्टीम’चा. सारखा घटक दिसला की त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची, असे ठरले होते. शेड्युलिंग, सेमाफोर, डेडलॉक, पेजिंग असे एकेक शब्द दोन्हीकडे सापडत गेले आणि चार घटकांच्या त्या ‘प्रगत’ पेपरातला पहिला घटक पूर्ण व दुसरा निम्मा रेघांनी भरून गेला. यात अभ्यास मंडळाचा दोष नव्हता. एम.एस्सी.ला पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंतची मुले येतात, सर्वांची तयारी सारखी नसते, म्हणून शिक्षकाला मुळापासून सुरुवात करावी लागते. परंतु जो मुलगा आपल्याच वर्गात बसून हे सारे शिकला आहे, त्याचे ते दीड-दोन महिने परत मिळवून देणे आपल्या हातात असते. जोडपदवीचे खरे समर्थन मला याच गोष्टीत दिसते.

आता श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा, हिशेब पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान 160 श्रेयांक लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाची, किंवा सलग पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, असे तिन्ही मार्ग मांडलेले आहेत. कोणत्याही मार्गाने गेले तरी बेरीज पाचच येते. त्यामुळे केवळ ‘एकात्मिक’ हे नाव दिल्याने विद्यार्थ्याचा एक दिवसही वाचत नाही आणि माहितीपुस्तिकेत तसे भासवूही नये.

अमेरिकेतील पद्धतीविषयी आपल्या सहकाऱ्यांना आदराने एक गोष्ट सांगावीशी वाटते. तिथे पदवीला साधारणपणे 120 आणि मास्टर्सला 30 क्रेडिट असतात आणि अनेक विद्यापीठांच्या जोडपदव्यांत यांपैकी 9 ते 12 क्रेडिट दोन्ही पदव्यांसाठी मोजण्याची मुभा असते. वेळ वाचतो तो या दुहेरी मोजणीमुळे. आपल्याकडे मात्र 2021 च्या श्रेयांक बँकेच्या (श्रेयांक जमा ठेवण्याच्या राष्ट्रीय व्यवस्थेच्या) विनियमांनुसार पदवीसाठी एकदा वापरलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यातून कायमचे वजा होतात. मोडलेली ठेव पुन्हा मोडता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. तेव्हा तो नमुना जसाच्या तसा उचलला, तर पहिल्या तुकडीच्या गुणपत्रिका विद्यापीठात अडकतील आणि त्याची झळ मुलांना बसेल.

आपल्यासाठी सरळ मार्ग निराळा आहे. आयोगाने 2024 च्या अखेरीस मांडलेल्या आणि पुढे 2025 च्या विनियमांत आलेल्या तरतुदीनुसार विद्यार्थी दर सत्रात अधिक श्रेयांक घेऊन तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत आणि चार वर्षांची पदवी सहा किंवा सात सत्रांत पूर्ण करू शकतो. ही निवड पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या अखेरीस, महाविद्यालयाच्या समितीने विद्यार्थ्याची पारख केल्यावर होते आणि मंजूर प्रवेशक्षमतेच्या 10 टक्क्यांपर्यंतच ती देता येते. साठांच्या तुकडीत म्हणजे फार तर सहा विद्यार्थी.

आता पाच सत्रे की सात, हे ठरवताना कागद-पेन घेऊन बसावे. दुसऱ्या सत्राच्या अखेरीस निवड झालेल्या मुलाचे 40 श्रेयांक झालेले असतात. त्याला तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत संपवायची असेल, तर उरलेले 80 तीन सत्रांत, म्हणजे सत्राला जवळजवळ 27 श्रेयांक घ्यावे लागतील. तोच मुलगा चार वर्षांची ऑनर्स पदवी सात सत्रांत करणार असेल, तर 120 श्रेयांक पाच सत्रांत, म्हणजे सत्राला 24 पडतात. पहिल्या मार्गाला पुढे दोन वर्षांची एम.एस्सी. आहे, दुसऱ्याला एका वर्षाची, म्हणजे दोन्ही मार्ग नऊ सत्रांतच संपतात. शेवट एकच असताना मुलांच्या पाठीवर 27 चे ओझे का द्यावे? मी सात सत्रांचाच मार्ग सुचवीन. त्यातही नेहमीच्या 20 वर चार श्रेयांक अधिक होतात. लेखी विषयाच्या एका श्रेयांकाला 15 तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला 30 तास धरले, तर तीन लेखी आणि एक प्रात्यक्षिक मिळून सत्राला 75 तास, म्हणजे आठवड्याला पाच तास वाढतात. कर्जत किंवा कसाऱ्याहून येणाऱ्या मुलाचे रोजचे तीन तास लोकलमध्ये जातात, हे वेळापत्रक करणाऱ्याने विसरू नये. हे पाच तास संध्याकाळी साडेपाचनंतर लावले, तर ती सोय फक्त जवळ राहणाऱ्यांची होईल. यातला काही भाग ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या 12 आठवड्यांच्या अभ्यासक्रमांतून भागवता येईल, परंतु प्रात्यक्षिके प्रयोगशाळेतच व्हावीत.

यापुढचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रत्येक पेपर कोणत्या पेपरावर अवलंबून आहे, याची बाणांची आकृती फळ्यावर काढावी. प्रोग्रामिंगनंतर डेटा स्ट्रक्चर्स, त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टीम, त्यानंतर डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम. दुसरीकडे विविक्त गणित (डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स), त्यानंतर थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, त्यानंतर कंपायलर. या आकृतीतली सर्वांत लांब साखळी जितक्या सत्रांची असेल, त्याहून कमी सत्रांत अभ्यासक्रम बसणार नाही, मग श्रेयांक कितीही वाढवा. कोणते काम कोणाच्या आधी यावे याचा क्रम लावणारा टोपोलॉजिकल सॉर्ट आपण मुलांना शिकवतो. तो एकदा स्वतःच्या अभ्यासक्रमावर चालवून पाहावा. ऐच्छिक विषय, मूल्यवर्धित पेपर, भाषांचे पेपर हे आकृतीत सुटे दिसतील आणि तेच पुढे-मागे सरकवता येतील. साखळीतल्या कड्या मात्र एका सत्रात दोन अशा बसवू नयेत.

याचे कारण प्रयोगशाळेत दिसते. एका प्रात्यक्षिकात दोन थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी दोन कामे) एकाच मोजणीत प्रत्येकी एक लाख वेळा एक मिळवतात आणि उत्तर दोन लाख यावे अशी अपेक्षा असते. माझ्या एका विद्यार्थिनीला उत्तर कधी 1,37,000 च्या आसपास येई, कधी त्याहूनही कमी, आणि एकदा ते बरोबर दोन लाख आले तेव्हा चूक सुटली असे समजून तिने जर्नल सहीला आणले. मी तिला प्रोग्राम आणखी दहा वेळा चालवायला सांगितले. चौथ्या वेळी आकडा पुन्हा घसरला आणि ती स्क्रीनकडे बघत बराच वेळ गप्प बसली. ‘एक मिळवणे’ हे एक काम नसून वाचणे, वाढवणे आणि परत लिहिणे अशी तीन कामे आहेत, आणि मधल्या फटीत दुसरा थ्रेड घुसतो, हे तिला त्यानंतरच्या आठवड्यात उमगले. हा एक आठवडा कोणत्याही जोडपदवीने वाचवू नये. पुढे डिस्ट्रिब्युटेड सिस्टीममध्ये हीच फट अनेक यंत्रांमध्ये पसरलेली असते, आणि पाया कच्चा राहिलेला विद्यार्थी तिथे फक्त व्याख्या पाठ करतो.

वेळापत्रकातली एक अडचण सहसा नजरेतून सुटते. सातवे सत्र संपते दिवाळीनंतर आणि एम.एस्सी. सुरू होते जून-जुलैत. मधले सहा महिने मुलगा घरी बसला, तर वाचलेले सत्र वायाच गेले. त्यासाठी एम.एस्सी.च्या त्या एका वर्षाचे पेपर असे रचावेत, की सम सत्राचे पेपर विषम सत्राच्या पेपरांवर अवलंबून नसतील आणि विद्यार्थी डिसेंबरमध्ये थेट त्यांत बसू शकेल. प्रकल्पाला मार्गदर्शक कोण, हेही आधी ठरवावे. विभागातली निम्मी माणसे तासिका तत्त्वावर असतील, तर वर्षभराचा प्रकल्प त्यांच्या भरवशावर सोडणे त्यांच्यावरही अन्याय आहे आणि मुलांवरही.

आणि परतीची वाट उघडी असावी. केटी लागली (एखादा विषय राहिला), घरात आजारपण आले, किंवा हा वेग झेपत नाही असे वाटले, तर विद्यार्थ्याला कोणत्याही सत्राच्या अखेरीस नेहमीच्या तुकडीत परतता आले पाहिजे आणि तोवर घेतलेले जादा श्रेयांक त्याच्या खात्यावर राहिले पाहिजेत. बी.एस्सी.चे प्रमाणपत्र सात सत्रे पूर्ण होताच हाती द्यावे, एम.एस्सी. होईपर्यंत ते अडवून ठेवण्याची कल्पना बैठकीत कुणी मांडली, तर कृपया विरोध करावा. पदवी विद्यापीठ देते, त्यामुळे अभ्यास मंडळ आणि विद्या परिषदेच्या मंजुरीबरोबरच परीक्षा विभागाशी गुणपत्रिकेच्या नमुन्याबद्दल पहिल्याच वर्षी लेखी पत्रव्यवहार करून ठेवावा.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सत्रात मला चांगले गुण मिळाले आणि आमच्या कॉलेजने लवकर पदवी पूर्ण करण्याचा पर्याय देऊ केला आहे. बाबा म्हणतात, सहा महिने वाचत असतील तर सोडू नकोस. मला प्रोग्रामिंग आवडते, पण गणिताची भीती वाटते. मी काय करावे?
— एक विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : तुझ्या बाबांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. घरात कमावता हात सहा महिने आधी येणे ही लहान गोष्ट नाही. पण कॅम्पसवर येणाऱ्या बऱ्याच कंपन्या उन्हाळ्यात पदवी घेणाऱ्यांना जुलैपासून रुजू करून घेतात, त्यामुळे डिसेंबरमध्ये मोकळ्या होणाऱ्या मुलाला नोकरी लगेच मिळेलच, असे धरून चालू नये. आपल्या कॉलेजचा प्लेसमेंट विभाग अशा मुलांसाठी काय करणार आहे, हे आधी विचार.

गणिताच्या भीतीबद्दल तू लिहिलेस, ते बरे केलेस. हा पर्याय दुसऱ्या सत्राच्या अखेरीसही घेता येतो, म्हणून आत्ता घाईने अर्ज भरू नकोस. या सत्रात विविक्त गणिताचा पेपर मनापासून कर, ‘इंडक्शन’ने सिद्धता लिहिण्याचा रोज थोडा सराव कर, आणि मार्च-एप्रिलमध्ये स्वतःलाच विचार, की रिकर्शन असलेला, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारा प्रोग्राम बरोबर का चालतो हे तुला दुसऱ्याला समजावून सांगता येते का. ते जमत असेल, तर जादा विषयांचे ओझे तुला जाचणार नाही. जमत नसेल, तर चार वर्षांची ऑनर्स पदवी नेहमीच्या गतीने कर. चार वर्षांची पदवी 75 टक्के गुणांनी पूर्ण केली, तर आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार एम.एस्सी. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येते. एम.सी.ए.देखील 2020 पासून दोनच वर्षांची झाली आहे. त्यामुळे आज हो म्हटले नाही, तर दार कायमचे बंद होईल, असे मानू नकोस.

हो म्हणायचे ठरलेच, तर कॉलेजकडून दोन गोष्टी परिपत्रकावर मागून घे : मध्येच मागे फिरलास तर जादा श्रेयांकांचे काय होणार, आणि तू शिष्यवृत्ती घेत असशील तर सत्रे कमी झाल्याने तिच्या हप्त्यांवर काय परिणाम होणार. कार्यालयातल्या तोंडी उत्तरावर समाधान मानू नकोस, आणि फॉर्मवर सही करण्याआधी ते परिपत्रक बाबांनाही दाखव.