गोव्यातले लोक पोर्तुगीज पासपोर्ट काढून पोर्तुगालऐवजी इंग्लंडला का जातात?

कारण त्यांना पोर्तुगाल नको असतो, हवा असतो युरोपीय संघातल्या देशांत कुठेही काम करायचा परवाना. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मलेल्यांची, त्यांच्या मुलांची आणि नातवंडांची जन्मनोंद लिस्बनला होऊ शकते. तिथून पुढे पासपोर्ट. पोर्तुगालमध्ये पगार कमी, शिवाय आजच्या पोरांना पोर्तुगीज येत नाही, इंग्रजी येते. म्हणून इंग्लंडमधलं स्विंडन, लंडनमधलं साउथॉल. आधी गेलेला मावसभाऊ खोली बघून ठेवतो, गोदामात पॅकिंगची शिफ्ट लावून देतो, की झालं. मी गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातला. इथे आजोबांच्या जन्मदाखल्यातल्या नावाचं स्पेलिंग जुळवण्यासाठी वकिलाकडे खेपा घालणारे नेहमी दिसतात. गरिबीमुळेच जातात असं सरसकट म्हणू नका. कागदपत्रं आणि तिकीट यांचा खर्च सगळ्यात गरीब घराला झेपतच नाही.

पण हे गणित ब्रेक्झिटने, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याने, बदललं. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत तिथे राहायला गेलेल्यांना अर्ज करून राहता आलं. त्यानंतर नव्याने जाणाऱ्याला पोर्तुगीज पासपोर्ट असला तरी नोकरीसाठी सहसा व्हिसा लागतो. आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे इथलं मतदान सुटतं.