मायोलिकाची थाळी घेण्यापूर्वी
मायोलिका म्हणजे कथिलाच्या पांढऱ्या झिलईवर रंगवलेली मातीची इटालियन भांडी. थाळीवरचे चित्र पाहण्याआधी ती उलटी करा. पाठीवर गाणारा कोंबडा रंगवलेला असेल, तर ती बहुधा फ्लॉरेन्सच्या कांतागाल्ली कारखान्याची, म्हणजे 1878 च्या सुमारापासून पुढची आहे. ‘इटली’ असे लिहिलेले असेल, तर ती बहुधा 1891 नंतरची, कारण तेव्हापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. खूण नाही म्हणून थाळी अस्सल जुनी, 16व्या शतकातली ठरत नाही. खुणा घासून काढता येतात, आणि तेथे कथिलाची पांढरी झिलई खरवडलेली आहे का, हे तिरप्या उजेडात तपासावे. झिलईवरचे तडे जुनेपणाचा पुरावा नव्हेत. मात्र उर्बिनो, देरूता या इटलीतील गावांच्या जुन्या नमुन्यांवर बेतलेली कांतागाल्लीची चांगली थाळी, योग्य किमतीत आणि अनुकृती म्हणूनच मिळत असेल, तर ती अवश्य घ्यावी.