पहिलं डिझाइन टाकण्याआधी

ताई, टी-शर्ट छापून विकणाऱ्या साइटवर टाकायला तू काढलेलं डिझाइन पाहिलं. तुझा हात छान आहे, पण हा मोर अजिंठ्याच्या चित्राच्या फोटोवरून गिरवलेला दिसतोय. अजिंठ्याची चित्रं शेकडो वर्षं जुनी असली तरी आजच्या फोटोवर फोटोग्राफरचा हक्क असतो. त्यापेक्षा पैठणला जाऊन पैठणीचे माग बघ, पदरावरचा बांगडी मोर (बांगडीच्या गोलात बसवलेले मोर), आसावली (फुलांची वेल) नीट न्याहाळ आणि मग स्वतःच्या रेषेत काढ. सिनेमाचे डायलॉग, कार्टून तर नकोच. त्यांवरही दुसऱ्यांचा हक्क असतो, साइटवरचं तुझं खातंच बंद होऊ शकतं.

१२ बाय १६ इंच छपाईला ३०० डीपीआयनं (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ४८०० पिक्सेल लागतात. पार्श्वभूमी पारदर्शक ठेव, फाइल पीएनजी प्रकारात सेव्ह कर, त्यात पारदर्शकता टिकते.

साइटचा छपाई वगैरे खर्च वजा जाऊन उरेल ते तुझं, म्हणून भाव पाडू नकोस. आणि एक टी-शर्ट आधी स्वतः मागव. स्क्रीनवरचा झगझगीत जांभळा कापडावर बराच मंद उतरतो.