शंकेचा फायदा म्हशीला

लेका,

दिवसा विद्यापीठात तत्त्वज्ञ नेगेलचा 'वटवाघूळ असणं कसं असतं' हा लेख वाचायचा, संध्याकाळी कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर वडिलांसोबत धारा काढायच्या, आणि रात्री 'म्हशीला मन असतं हे सिद्ध कसं करू' म्हणून मला पत्र लिहायचं! सिद्ध कशाला करतोस? वटवाघळाला अनुभव असतो हे नेगेलनं 1974 च्या त्या लेखात गृहीतच धरलंय. तो कसा असतो हे आपल्याला कळायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

पान्हा बघ. रेडकानं ढुशी दिली की ऑक्सिटोसिन सुटतं, दूध उतरतं. नवा माणूस, आरडाओरडा, काठी दिसली की अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं आणि म्हैस पान्हा चोरते. तू म्हणतोस, हे नुसतं रसायन. अरे, तोंडी परीक्षेला तुझी छाती धडधडते तेही रसायनच. मग तू घाबरलाच नाहीस म्हणू? रेडकू मेलं तर कातड्यात भुसा भरून पुढ्यात ठेवतात, म्हैस ते चाटते नि पान्हा सोडते. फसली, मान्य. फसली म्हणून तिला काही वाटतच नाही, हे कुठून काढलंस? शंका आहे ना? मग फायदा जनावराला.

उलट्या टोकालाही जाऊ नकोस. पाडव्याला सजवलेली म्हैस मालकाच्या मोटारसायकलमागं पळाली की लगेच 'काय माया!' म्हणायचं नाही. गणितं सोडवतो म्हणून गाजलेल्या बर्लिनच्या हान्स घोड्याची 1904 मध्ये तपासणी झाली. गणित त्याला येत नव्हतं, समोरच्या माणसाची नकळत होणारी हालचाल तो टिपत होता. (मला विचारशील तर गणितापेक्षा हेच अवघड.)

जनावरांना संवेदना असते हे मानणाऱ्या 2022 च्या कायद्यात ब्रिटननं खेकडे नि ऑक्टोपसही घेतले, ते कुणी त्यांच्या मनात शिरून आलं म्हणून नव्हे. पुन्हा तेच, शंकेचा फायदा.

मी जनावरांचा डॉक्टर. पान्ह्याचं, म्हणजे ऑक्सिटोसिनचं, इंजेक्शन कधी कुणाला दिलं नाही. गिऱ्हाईक तुटलं, घरी बोलणी खाल्ली. मी नाही म्हटलेल्या म्हशींना दुसऱ्यानं टोचलंच, एकीचीही सुई वाचली नाही. ती हळहळ आहे. पण माझा हात त्यात नव्हता, आणि याला कुणी अहंकार म्हणालं तर म्हणू दे.

वडिलांशी तत्त्वज्ञान बोलू नकोस, म्हशी विकायला तर मुळीच सांगू नकोस. गोठ्यातला नर रेडकू बघ. रेडा काय कामाचा, म्हणून त्याला अर्धपोटी ठेवतात. त्याच्यासाठी एक सड सोडायला लाव. प्रबंधाचं पुढचं प्रकरण नंतर पाठव, आधी ते सड सोडलं का ते कळव.