खोली मिळालीय ना, मग खोलीत राहा

प्रिय बेटा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि खरं सांगतो, नीट झोप लागली नाही. वर्षभराचं टार्गेट पूर्ण केलंस, कंपनीने मकाऊची ट्रिप दिली, कोताईतल्या फाइव्ह स्टारमध्ये तीन रात्री, आणि तू मला विचारतोयस, "काका, मी तिथे शोभेन का, की ट्रिप सोडून कॅश मागू?" बाबा म्हणतात जुगाऱ्यांच्या गावात काय ठेवलंय, आणि रूमवरची पोरं म्हणतात पन्नास हजार घेऊन जा, डबल करून ये. दोघांचंही ऐकू नकोस. बाबांना मी फोन करतो, ते माझं ऐकतात. पोरांचं तू बघ.

शोभण्याचं म्हणशील तर इंदूरच्या मे महिन्यात सॅम्पलची बॅग खांद्याला लावून डॉक्टरांच्या केबिनबाहेर दोन-दोन तास उभा राहणारा पोरगा तिथल्या पांढऱ्या चादरीवर का नाही शोभणार रे? पुन्हा हे विचारलंस तर रागावेन.

मला एकच सांगायचंय. तू खोलीचा पाहुणा आहेस, टेबलाचा नाही.

हे नीट समजून घे. कोताई म्हणजे ताइपा आणि कोलोआन या दोन बेटांमधला समुद्र भरून केलेली जमीन, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तिथे काही नव्हतं. 2002 मध्ये कॅसिनोवरची एकाच कंपनीची मक्तेदारी संपली, बाहेरच्या कंपन्या आल्या, 2007 मध्ये व्हेनेशियन नावाचं कॅसिनो-हॉटेल उघडलं, जवळजवळ तीन हजार स्वीट्सचं, आत कालवा आणि छतावर रंगवलेलं आकाश. मग पॅरिसियन आलं, अर्ध्या उंचीचा आयफेल टॉवर घेऊन. जुगाराच्या कमाईवर सरकार 40 टक्के कर घेतं आणि तरीही असल्या इमारती उभ्या राहतात, तर तो पैसा आला कुठून? "दहाच मिनिटं बसतो" म्हणणाऱ्यांकडून.

तिथे बॅकरा चालतो सगळ्यात जास्त, पत्त्यांचा खेळ, 'प्लेयर' आणि 'बँकर' या दोन बाजूंपैकी कुठली जिंकेल यावर पैसे लावायचे. तुला सांगतील की बँकरवर लाव, एकदम सेफ. सेफ म्हणजे किती तर घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा 1.06 टक्के. ऐकायला काहीच नाही. पण समज पाचशे हाँगकाँग डॉलरचं टेबल आहे आणि तासाला साठ डाव होतात, म्हणजे तीस हजारांची उलाढाल, त्यावर 1.06 टक्के म्हणजे तासाला सरासरी 318 डॉलर तू देऊन उठणार. आणि टायवर, म्हणजे दोन्ही बाजू बरोबरीत सुटतील यावर, लावलंस तर हाच वाटा 14 टक्क्यांच्या वर जातो. तू स्कीमचा हिशोब तोंडी करणारा एमआर, औषध कंपनीचा प्रतिनिधी आहेस, तुला हे कळायलाच पाहिजे. मेंबरशिप कार्ड देतील, त्यावर तू किती लावलंस, किती वेळ बसलास सगळं चढतं, आणि तू जेवढं हरशील असा त्यांचा अंदाज असतो त्यातलाच थोडा भाग "फ्री रूम, फ्री डिनर" म्हणून परत करतात. कार्ड करू नकोस. तुझ्या खोलीचे पैसे कंपनीने दिलेत, तुझ्या घामाचे आहेत ते, तिथे कोणाचं देणं नाही तुझ्यावर.

आता खोलीचं ऐक. रिसेप्शनवरून लिफ्टपर्यंत जाताना बऱ्याच ठिकाणी कॅसिनो आडवा येतो किंवा अगदी शेजारून रस्ता जातो, पाय रेंगाळू देऊ नकोस, सरळ वर जा. दार उघड, आधी पडदा उघड. बेडजवळ बटण असतं, पडदा आपोआप सरकत जातो आणि समोर सगळी कोताई लखलखत असते. टबात पाणी सोड, पूर्ण भरू दे, अर्धा तास पडून राहा, फोन बाहेर ठेव. ते जाड टॉवेल, तो बाथरोब, ती उशी, हे सगळं वापरायला दिलेलं असतं. नुसतं बघून बाजूला ठेवायला नाही. आपली मराठी घरातली पोरं असली वस्तू हाताळतच नाहीत, खराब होईल म्हणून.

दवा बाजारात अजून एक गृहस्थ सांगत फिरतात की हा माणूस स्टॉकिस्टांच्या ट्रिपला मकाऊला गेला आणि तिथे जाऊन आंघोळ केली. हो, केली. त्या रात्री बाकी सगळे खाली होते, मला बोर म्हणाले, कंजूष म्हणाले, दारावर येऊन थापा मारल्या. मी गेलो नाही आणि आजही गेलो नसतो. सकाळी नाश्त्याला त्यांचे चेहरे मी बघितलेत. मी आठ तास झोपून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. त्यात कोणाला अरसिकपणा दिसत असेल तर दिसू दे.

खंत एकच आहे, तुझ्या काकूला नेलं नाही. दरवर्षी काहीतरी निघायचं, दुकानाचं ऑडिट, मुलांच्या परीक्षा. आता तिचे गुडघे तिला राजवाड्यापर्यंतसुद्धा नेत नाहीत. म्हणून तुला कॅश घे म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. कॅश बाइकच्या हप्त्यात जाईल रे.

दिवसा बाहेर पड. हॉटेलांच्या शटल बस फुकट असतात, बंदरावरून, बॉर्डरवरून. विन पॅलेस हॉटेलची केबल कार तळ्यावरून फिरवते, तीही फुकट. मॉर्फियस हॉटेल बाहेरून नक्की बघ, आर्किटेक्ट झाहा हदीदचं काम, 2018 मध्ये उघडलं, तोवर ती बाई वारलेली होती. एक दुपार जुन्या मकाऊला दे, सेनाडो चौक, सेंट पॉलची ती उरलेली एकटी भिंत, चर्च 1835 मध्ये जळालं. कोलोआनला एग टार्ट खा, अंडं खात असशील तर. आणि संध्याकाळी परत खोलीत. टेबलावर नाही. खोलीत.

चेकइनला डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम ब्लॉक करतात, डेबिट कार्ड दिलंस तर सुटायला दिवस लागतात, क्रेडिट कार्डच दे. मिनीबारमधलं काही उगाच उचलून बघू नकोस, कधीकधी उचललं की बिलात चढतं. रूम पार्टनर रात्री खाली गेला तर जाऊ दे, तुझं कीकार्ड आणि पासपोर्ट तुझ्याकडेच ठेव, आणि त्याने उसने मागितले तर नाही म्हण, तो तुझा एरिया मॅनेजर असला तरी.

मकाऊला आपल्याला 30 दिवस व्हिसा लागत नाही, पण जाताना हाँगकाँगमध्ये उतरून फिरायचं असेल तर त्यांचं प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन आधी ऑनलाइन करावं लागतं. शनिवारी दुकान बंद झाल्यावर पासपोर्ट घेऊन ये, फॉर्म बरोबर बसून भरू. कंपनीला मात्र उद्या सकाळीच मेल टाक, मी येतोय म्हणून.

तुझा,
काका