युद्धात जवान गेल्याची खबर चुकीची कशी जाते? ती अचूक व्हावी म्हणून लष्कराने काय करावं?

या प्रश्नाला आधी आलेल्या दोन्ही उत्तरांत सॅटेलाइट आणि जवानाच्या मनगटातली चिप हाच उपाय वाचला, म्हणून लिहायला बसलो. मी इन्फंट्रीत क्लार्क होतो. लढाईत क्लार्कचं काय काम, असं ज्यांना विचारायचंय त्यांनी खालचं वाचून विचारावं.

१९९९ चा उन्हाळा. पलटणीचं नाव सांगत नाही. रात्रीच्या हल्ल्यानंतर पहाटे वायरलेसवर निरोप आला, "जाधव गेला." आता मराठी पोरांच्या कंपनीत एकच जाधव कधी असतो का? आमच्याकडे तिघे होते, त्यातल्या दोघांचं पहिलं नावही एकच. अशांना पलटणीत लष्करी नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांनी हाक मारतात. एक चौदा, दुसरा एकोणसाठ. निरोप देणाऱ्याने आकडा सांगितलाच नाही. मग कुणीतरी कळवलं की प्रेताच्या पार्क्याच्या, म्हणजे थंडीच्या जाड कोटाच्या, खिशात चौदाच्या घरचं आंतर्देशीय पत्र आहे. झालं, सगळ्यांनी चौदाच धरला.

मी खाली बी एचेलॉनला, म्हणजे पलटणीच्या पिछाडीच्या तळावर, नॉमिनल रोल (जवानांची यादी) आणि किंड्रेड रोल (त्यांच्या घरच्यांची नोंद) घेऊन. ॲडज्युटंट साहेबांनी, म्हणजे पलटणीचं कागदोपत्री काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी, सिग्नल (वर पाठवायचा लेखी निरोप) तयार करायला सांगितला. ब्रिगेडला, म्हणजे वरच्या मुख्यालयाला, तासाभरात किती गेले तो आकडा हवा होता. मी म्हणालो, "साहेब, आकडा द्या, एक गेला म्हणून. नाव मागाहून देऊ." साहेब तडकले. वयाने लहान, हुशार, आणि कानाशी फोन सारखा वाजतोय. मी नावाची जागा कोरी ठेवून कागद पुढे केला. त्यावर जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

दुपारी उलगडा झाला. चौदा शेजारच्या पलटणीच्या आरएपीत, म्हणजे प्रथमोपचाराच्या ठाण्यात, पडला होता, मांडीत गोळी. अंधारात तो त्यांच्या अंगाला घसरला, त्यांनी उचलला, पट्टी केली, आपल्या रजिस्टरात लिहिलं. आमच्या गिनतीत तो नव्हताच. चढाईआधी त्याने आपला पार्का एकोणसाठला दिला होता, त्याचा फाटला होता म्हणून. प्रेत खाली आल्यावर गळ्यातली ओळखीची डिस्क वाचली, सेक्शनच्या पोराने तोंड पाहून ओळखलं, तेव्हा एकोणसाठचं नाव गेलं. सकाळीच तार गेली असती तर चौदाच्या घरी बांगड्या फुटल्या असत्या.

साहेबांचं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही प्रत्येक मेळाव्यात तेच असतं, की चूक झाली तर दुसरा सिग्नल पाठवता येतो. ब्रिगेडला पाठवता येतो. गावाला कसा पाठवणार? ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचिनमध्ये सुमारे १९,६०० फुटांवरच्या चौकीवर हिमकडा कोसळला. दुसऱ्याच दिवशी दहाही जण गेल्याचं जाहीर झालं, श्रद्धांजल्या वाहून झाल्या. त्यात एक जवान आपल्या सातारा जिल्ह्यातला. ८ तारखेला बर्फाखालून लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पड जिवंत निघाले. ११ तारखेला ते दिल्लीत वारले. घरच्यांनी एकाच माणसाचं मरण दोनदा ऐकलं.

'मिसिंग' हा रकाना याचसाठी आहे, पण लोकांना तो नको असतो. १९६२ च्या चीन युद्धाच्या अधिकृत आकड्यांत बेपत्ता १,६९६ आहेत, मृतांपेक्षा जास्त. लडाखमधल्या रेझांग ला इथे १८ नोव्हेंबरला लढलेल्या १३ कुमाऊं पलटणीच्या चार्ली कंपनीची प्रेतं पुढच्या फेब्रुवारीत सापडली. वाचून परतलेल्यांनी जे सांगितलं होतं त्यावर तोवर कुणी धड विश्वासही ठेवला नव्हता. आणि उलट टोक ऐका. १९९९ मध्येच कारगिल भागात इंजिनिअर्सचे दोन जवान बेपत्ता झाले, त्यांना भगोडे ठरवलं. २००४ मध्ये ते पाकिस्तानच्या तुरुंगातून परत आले. तोवर एकाच्या बायकोचं दुसरं लग्न झालेलं, ती गरोदर. जे ठाऊक नाही त्या जागी काहीतरी भरायची घाई झाली की असं होतं.

आता तुमच्या प्रश्नाचं. आकडा आणि नाव हे दोन वेगळे निरोप ठेवा. आकडा ताबडतोब जाऊ दे, वरच्यांना पुढची चाल ठरवायची असते. नावासाठी मात्र दोन खुणा लागल्याच पाहिजेत, पूर्ण नंबर आणि ओळखणारा माणूस. खिशातली पत्रं, कोट, हेल्मेट यांना पुरावा धरू नका. चढाईआधी कोण कुणाबरोबर निघाला याची यादी खाली राहिली पाहिजे. शेजारच्या पलटणीचे आरएपी आणि मागची इस्पितळं विचारल्याशिवाय कुणालाही 'गेला' लिहू नका. डीएनएचा नमुना असेल तर उत्तमच, पण तो कामी येतो ते महिन्यांनी. आणि सिग्नलवर सही करणाऱ्याला घड्याळ दाखवायचं नाही, ही माझी अट. साहेब हे वाचत असतील तर वाचू देत.

एक मान्य करतो. आता मोबाइल आहे, खबर व्हॉट्सॲपवरून गावात आधी पोचते, आणि तुम्ही नाव अडवून बसलात तर कुणीतरी चुकीचं नाव फिरवतो. बेपत्तांच्या घरचे तर पेन्शनच्या कागदासाठी झिजतात, सात वर्षं खबर नसेल तरच मेला धरायचा, हा कायदा त्यांच्या मानगुटीवर असतोच. त्यामुळे नाव रोखायचं असेल तर त्याच दिवशी गणवेशातला माणूस घरी जाऊन "अजून खात्री झालेली नाही" असं तोंडावर सांगून यावा. साहेबांच्या मते हा घरच्यांचा छळ आहे.