तंत्रशंका: डॉकर मिटले, तरी मेमरी कोण धरून बसते?

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातून बेळगावला अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी रोज ये-जा करतो. माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम असून त्यावर विंडोज ११ आहे. प्रकल्पासाठी डॉकर डेस्कटॉप (सॉफ्टवेअर ‘कंटेनर’ नावाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारा कार्यक्रम) घेतल्यापासून, काम संपवून त्याची खिडकी बंद केली तरी पंखा फिरतच राहतो, ब्राउझर अडखळतो आणि टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हीएममेम’ नावाची प्रक्रिया साडेतीन जीबीच्या आसपास मेमरी अडवून बसलेली दिसते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की बॅटरीवरच भागवावे लागते आणि ती आता लवकर संपते. डॉकर काढूनच टाकावे का?

उत्तर: काढून टाकण्याची गरज नाही. आपल्या पत्रातला ‘खिडकी बंद केली’ हा उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण डॉकर डेस्कटॉपच्या खिडकीवरची फुली दाबल्याने केवळ खिडकी मिटते. कार्यक्रम मात्र खालच्या पट्टीतल्या देवमाशाच्या चिन्हामागे पूर्ववत चालू राहतो. त्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘क्विट डॉकर डेस्कटॉप’ निवडल्यावरच तो खऱ्या अर्थाने थांबतो. त्याच वेळी सेटिंग्जमधल्या ‘जनरल’ या भागात जाऊन, संगणकात प्रवेश करताच डॉकर सुरू व्हावे ही खूण काढून टाकावी. ज्या दिवशी प्रकल्पाला हात लावायचा नाही, त्या दिवशी डॉकर मुळात जागे होण्याचे कारणच नाही.

आता ‘व्हीएममेम’विषयी. कंटेनर, म्हणजे सॉफ्टवेअर व त्याला लागणारे सारे साहित्य असलेले कप्पे, लिनक्स या प्रणालीच्या कर्नलवर (गाभ्यावर) चालतात आणि विंडोजकडे तो कर्नल नसतो. म्हणून डॉकर डेस्कटॉप डब्ल्यूएसएल २ या, विंडोजमध्ये लिनक्स चालवू देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीचा आधार घेऊन पडद्यामागे एक लिनक्सची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणकातला संगणक, चालवते. व्हीएममेम म्हणजे ती मशीन होय. ठरावीक मर्यादा घालून दिली नसेल, तर संगणकाच्या एकूण मेमरीपैकी निम्म्यापर्यंत मेमरी तिला घेता येते, म्हणजे आपल्या बाबतीत ४ जीबी. आतले लिनक्स वाचलेल्या फायली पुन्हा लागतील म्हणून मोकळ्या मेमरीत साठवून ठेवते. लिनक्सच्या दृष्टीने हा शहाणपणा आहे, पण बाहेर विंडोजला तीच मेमरी अडकलेली दिसते. पाहुण्यांसाठी शेजारी नेलेली पातेली पाहुणे गेल्यावरही तिकडेच राहावीत, तशातला हा प्रकार आहे. तेव्हा दिसणारे साडेतीन जीबी आपल्या कंटेनरांनीच खाल्ले असा निष्कर्ष लगेच काढू नये. टर्मिनलवर ‘डॉकर स्टॅट्स’ ही कमांड दिली की प्रत्येक चालू कंटेनर किती प्रोसेसर आणि किती मेमरी वापरतो, हे स्वतंत्रपणे दिसते. तिथली बेरीज आणि व्हीएममेमचा आकडा यांत मोठी तफावत असेल, तर कंटेनर निर्दोष आहेत आणि मर्यादा मशीनला घालायची आहे.

ती घालण्यासाठी विंडोजमधल्या आपल्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ‘डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ नावाची साधी मजकुराची फाईल तयार करावी लागते. नोटपॅड तिच्या नावाला शेवटी ‘टीएक्सटी’चे शेपूट जोडते, ते काढायला विसरू नये, नाहीतर फाईल कुणी वाचतच नाही. तिच्यात ‘डब्ल्यूएसएल२’ या चौकटी कंसातल्या शीर्षकाखाली मेमरी ३ जीबी आणि प्रोसेसर २ अशा दोन ओळी लिहाव्यात. आपला प्रकल्प एक डेटाबेस आणि एक छोटे वेब-सॉफ्टवेअर एवढाच असेल, तर २ जीबीवरही तो निभावतो. त्याखाली ‘एक्सपेरिमेंटल’ या शीर्षकात ‘ऑटोमेमरीरिक्लेम’ची किंमत ‘ड्रॉपकॅश’ अशी ठेवली की मशीन निवांत असताना साठवलेली मेमरी विंडोजला परत केली जाते. ही सोय २०२३ मध्ये डब्ल्यूएसएलमध्ये आली, त्यामुळे आधी डब्ल्यूएसएल अद्ययावत करून घ्यावे. फाईल जतन केल्यावर डॉकरमधून बाहेर पडून ‘डब्ल्यूएसएल’ या कमांडला ‘शटडाउन’चा पर्याय जोडून एकदा द्यावी लागते, कारण मशीन नव्याने उठल्याशिवाय नवे आकडे लागू होत नाहीत. ही कमांड उबुंटूसह (हा लिनक्सचा एक प्रकार) डब्ल्यूएसएलमधले सगळेच एका झटक्यात थांबवते, म्हणून तिथे काही लिहीत असाल तर ते आधी जतन करावे.

डॉकर डेस्कटॉपमध्ये ‘रिसोर्स सेव्हर’ नावाची सोय २०२३ पासून आहे आणि ती असताना एवढा खटाटोप कशाला, असे काही जण विचारतात. एकही कंटेनर चालू नसेल तर ठरावीक वेळाने, मूळ नेमणुकीनुसार ५ मिनिटांनी, ती आपोआप कामाला लागते. मॅकवर ती व्हर्च्युअल मशीनच थांबवते, त्यामुळे तिथे मेमरीही सुटते. विंडोजवर डब्ल्यूएसएल वापरत असताना मात्र ती मशीन थांबवत नाही, आतले डॉकर इंजिन, म्हणजे कंटेनर चालवणारा मुख्य भाग, तेवढे निजवते. परिणामी प्रोसेसरवरचा ताण उतरतो, मेमरी आहे तिथेच राहते. ही सोय चालू जरूर ठेवावी, पण तिच्या भरवशावर मेमरीची मर्यादा टाळू नये.

शिवाय ‘एकही कंटेनर चालू नसेल तर’ ही अट पुरी होतेच असे नाही. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या कम्पोज फायलींमध्ये (कोणती कंटेनर कशी चालवायची ते यांत लिहिलेले असते) ‘रीस्टार्ट: ऑलवेज’ ही ओळ बऱ्याचदा असते. ती सर्व्हरसाठी लिहिलेली असते, जिथे वीज येताच सेवा पुन्हा उभी राहणे आवश्यक असते. आपल्या लॅपटॉपवर तिचा अर्थ एवढाच होतो की, मागच्या सत्रातला विसरलेला डेटाबेसही डॉकर सुरू होताच उठून बसतो. ती ओळ ‘नो’ करावी, आणि आधीच तयार झालेल्या कंटेनरांसाठी ‘डॉकर अपडेट’ या कमांडने तोच बदल करावा. काम संपले की ‘डॉकर कम्पोज स्टॉप’ देण्याची सवय लावून घ्यावी. त्याच फाईलमध्ये ‘हेल्थचेक’चे, म्हणजे कंटेनर ठीक चालला आहे ना या तपासणीचे, अंतर कुणी ५ सेकंदांवर आणून ठेवले असेल तर तेही वाढवावे, कारण प्रत्येक तपासणीसाठी कंटेनरमध्ये एक नवी प्रक्रिया सुरू होते आणि अशी पाच-सहा कंटेनर असली की प्रोसेसरला उसंत मिळत नाही. सेटिंग्जमध्ये कुतूहलापोटी कुबरनेटिस (अनेक कंटेनरांचा कारभार पाहणारी प्रणाली) चालू करून ठेवले असेल, तर ते बंद करावे. त्याचे स्वतःचे घटक काहीही काम नसताना सतत एकमेकांची खबर घेत असतात, आणि बॅटरी लवकर संपण्यामागे माझा पहिला संशय त्यावरच असतो.

प्रश्न: टिळकवाडीत आमचे छोटे कार्यालय आहे आणि उद्यमबागेतल्या कारखान्यांसाठी आम्ही हिशेबाची व साठ्याची सॉफ्टवेअर तयार करतो. एका संगणकाची सी ड्राइव्ह वरचेवर भरते. डॉकरच्या जुन्या इमेज (कंटेनर ज्यांवरून तयार होतात ते साचे) पुसल्या तरी जागा परत मिळत नाही, असे का?

उत्तर: डॉकरचा सगळा संसार विंडोजच्या दृष्टीने एकाच फुगणाऱ्या डिस्क-फाईलमध्ये असतो. आत इमेज आली की ती फाईल वाढते. आतली इमेज पुसली की आत जागा मोकळी होते, पण बाहेर फाईलचा आकार लगेच घटलेला दिसेलच असे नाही. आधी ‘डॉकर सिस्टिम डीएफ’ने कशाने किती जागा व्यापली आहे ते पाहावे. सतत बांधणी करणाऱ्या कार्यालयात बहुधा बिल्ड कॅश, म्हणजे इमेज बांधताना साठवलेले तुकडे, हाच मोठा वाटेकरी निघतो, आणि तो ‘डॉकर बिल्डर प्रून’ने निर्धास्तपणे काढता येतो. ‘सिस्टिम प्रून’ वापरताना मात्र जपावे, कारण ती थांबलेली कंटेनरही पुसते. एखाद्या ग्राहकाचा चाचणीचा डेटा व्हॉल्यूममध्ये (कंटेनरबाहेरच्या कायमच्या साठवणीत) न ठेवता थेट कंटेनरात राहिला असेल, तर तो त्याबरोबर जाईल. साफसफाई झाल्यावर डॉकर व डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून, विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’मध्ये ती डिस्क-फाईल निवडून ‘कॉम्पॅक्ट व्हीडिस्क’ दिले की आकार खाली येतो. दुसरी ड्राइव्ह रिकामी असेल, तर डॉकरच्या सेटिंग्जमधून ती फाईलच तिकडे हलवणे मला अधिक सोयीचे वाटते. महिनोन्महिने चालणाऱ्या कंटेनरांचे लॉगही (कामकाजाच्या नोंदीही) पाहावेत. मूळ नेमणुकीत त्यांना आकाराची मर्यादा नसते, ती ‘मॅक्स-साइझ’ या पर्यायाने घालावी लागते.

प्रश्न: निपाणीत माझे संगणक वर्ग आहेत. सर्व यंत्रांवर उबुंटू आहे. तिथेही डॉकर डेस्कटॉपच घ्यावे का?

उत्तर: घेऊ नये. उबुंटूचा स्वतःचा कर्नल लिनक्सचाच असल्यामुळे तिथे कंटेनर म्हणजे थेट यंत्रावर चालणाऱ्या, एकमेकींपासून वेगळ्या ठेवलेल्या साध्या प्रक्रिया असतात आणि त्यांना व्हर्च्युअल मशीनची गरज पडत नाही. लिनक्ससाठीचे डॉकर डेस्कटॉप मात्र तिथेही एक मशीन उभी करते, म्हणजे नसलेले ओझे आपण होऊन अंगावर घेण्यासारखे आहे. केवळ डॉकर इंजिन बसवावे. त्याची सेवा यंत्र सुरू होतानाच्या यादीतून ‘सिस्टिमसीटीएल डिसेबल’ने काढावी, पण ‘डॉकर डॉट सॉकेट’, म्हणजे कमांडची वाट पाहणारे दार, चालू राहू द्यावे. मग विद्यार्थ्याने डॉकरची पहिली कमांड देताच सेवा आपोआप उठते, आणि ज्या तासाला केवळ टंकलेखन किंवा टॅली शिकवायचे असते त्या तासाला ती निजलेली राहते. पार्श्वभूमीत कायम चालणारी सेवाच नको असेल, तर पॉडमन हे कंटेनर चालवणारे दुसरे सॉफ्टवेअर हा पर्याय आहे. त्याच्या बहुतेक कमांड डॉकरसारख्याच आहेत, परंतु कम्पोज फायलींवर आधारलेले धडे आधी एका यंत्रावर चालवून पाहावेत आणि मगच सगळीकडे बदल करावा.